गादीला एक पाऊल उरले असताना

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी भोसले अंथरुणातच मेलेले आढळले. गादीवर येऊन त्यांना वर्षही पुरे झाले नव्हते. नजर अधू, अंग लुळे, कारभाराची समज बेताची. असा राजा एका रात्रीत गेला तर फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या वतीने राज्य चालवणारे चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, त्या दिवशी नागपुरात नव्हतेच. ते चांद्याला होते. पुढे ते परतले आणि रीतसर गादीवर बसले.

कोणाला संशय आला नसेल असे नाही. पण संशय बोलून दाखवून जाब विचारण्याची ताकद असलेला एकच माणूस तेव्हा नागपुरात होता, ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. कंपनीने नव्या राजाला मान्यता दिली. परसोजींचा खून झाला होता आणि तो आप्पासाहेबांनी करवला होता, हे सरकारी कागदांत ठामपणे उमटले ते पुढच्या वर्षी. तोवर आप्पासाहेब कंपनीशी लढून हरले होते आणि कैदेत पडले होते. खुनाची चौकशी खून झाला तेव्हा झाली नाही, ती कंपनीशी केलेला करार मोडल्यावर झाली.

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या कोणालाही ही हकीकत वाचताना 'मॅकबेथ' आठवेल. झोपेतला राजा, त्याचा रक्ताचा नातलग, वाड्यातली रात्र, सकाळी फुटलेली बातमी. फरक एवढाच की मॅकबेथ त्या रात्री वाड्यात हजर होता आणि आप्पासाहेब चाळीस-पन्नास कोसांवर. आपल्याकडच्या कॉलेजांतून हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. 'अनिर्बंध महत्त्वाकांक्षेचे विनाशक परिणाम' हा प्रश्न परीक्षेत येतो आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये तयार असते. त्या उत्तरात स्कॉटलंड असते, चेटकिणी असतात, रक्ताने माखलेले हात असतात. रेल्वेने जेमतेम दीड तासावर असलेला नागपूरचा वाडा मात्र त्यात कधी येत नाही.

सिंदी मेघेत बसून हे लिहिताना कोणी विचारील की आपल्या गावाचा या राजघराण्याच्या भानगडीशी संबंध काय? बाहेरच्या माणसाला 'सिंदी' सांगितले तर तो आधी 'रेल्वे की मेघे?' असे विचारतो, एवढीच आपली ओळख. पण १८१७ साली वर्धा नावाचे शहरच नव्हते. ते पुढे १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसले. वर्धा जिल्हाही १८६२ चा, त्याआधी हा सगळा मुलूख नागपूरचाच भाग होता. परसोजी मेले तेव्हा या पंचक्रोशीतला सारा भोसल्यांच्या खजिन्यात जात होता, आणि वाड्यात कोण कोणाला मारतो याचा हिशेब अखेर इथल्या शेतकऱ्यांच्या धान्याच्या कणग्यांतून चुकता होत होता.

आता थोडे नाटकाविषयी. शेक्सपिअरने 'मॅकबेथ' लिहिले ते साधारण १६०६ च्या सुमारास. त्याची ही सर्वांत छोटी शोकांतिका. लढाई जिंकून परतणाऱ्या सरदाराला माळावर तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे सांगतात. त्यांनी सांगितलेली मधली एक पदवी लगेच मिळतेही, बोटही न उचलता. इथे नाटककाराने फार बारीक काम करून ठेवले आहे. मॅकबेथच्या मनात आधी येते ते असे की नशिबात राजेपण असेल तर ते आपण काही न करताही मिळेल. म्हणजे थांबण्याचा पर्याय त्याच्यापुढे उघडा आहे आणि तो त्याला दिसलाही आहे. पुढे राजा डंकन त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो तेव्हा हा माणूस एकटा उभा राहून खुनाविरुद्धची सगळी कारणे एखाद्या चांगल्या वकिलासारखी मांडतो: तो आपला नातलग आहे, आपला राजा आहे, आपल्या छपराखालचा पाहुणा आहे, आणि वर भला माणूस आहे. खुनाच्या बाजूने त्याच्याकडे एकच कारण असते, ते म्हणजे आपल्याला व्हायचे आहे. आणि तरीही खून होतो. नवऱ्याची चलबिचल बायको त्याच्या मर्दपणाला डिवचून मोडून काढते.

परीक्षेतल्या उत्तरात इथे पूर्णविराम येतो. आमच्या मते नाटक इथे सुरू होते. कारण मुकुट मिळाल्यावर मॅकबेथला हवे असे काही उरलेलेच नाही. उरलेल्या नाटकात तो काही मिळवण्यासाठी एकही खून करत नाही. साथीदार बँकोला मारेकरी घालतो ते चेटकिणींनी बँकोच्या वंशाला राज्य सांगितले म्हणून. सरदार मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल करवतो ती मॅकडफ निसटला म्हणून. हाव सिंहासनापर्यंत होती, तिथून पुढे गाडा भीती ओढते. आणि या भीतीची एक खूण अशी की माणूस सल्ला घेणे सोडतो. डंकनचा खून नवरा-बायकोने मिळून केला होता. बँकोच्या वेळी तो बायकोला सांगतसुद्धा नाही. जिच्याखेरीज त्याचा श्वास हलत नव्हता ती बाई शेवटी रात्री झोपेत हात चोळत एकटी फिरते. ती मेल्याची बातमी येते तेव्हा त्याच्याजवळ रडायला वेळ नसतो.

खरा मॅकबेथ असा नव्हता, हेही इथे नोंदवायला हवे. स्कॉटलंडवर त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले. डंकन झोपेत नव्हे तर लढाईत मेला, आणि राज्य इतके स्थिर होते की राजा मध्ये रोमची यात्राही करून आला. नाटकातला खुनी शेक्सपिअरने जुन्या बखरींतून घेतला. त्या वेळी लंडनच्या गादीवर असलेले घराणे स्वतःला बँकोचे वंशज म्हणवत होते, हे त्याला चांगले ठाऊक होते. जिंकलेल्यांच्या कागदांतून हरलेल्याचे चित्र येते तेव्हा ते चाळून घ्यावे लागते. आप्पासाहेबांच्या बाबतीतही ही सावधगिरी हवी. पण चाळून घेतल्यावर जे उरते तेही थोडे नाही.

परसोजींचे वडील दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ ला वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात त्यांनी कटक गमावले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. नदी तीच राहिली, पण तिच्या पलीकडे निजाम आणि अलीकडे भोसले अशी सरहद्द पडली. हातचे उत्पन्न गेल्यावर रघुजींनी रयतेला इतके पिळले की लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणू लागले. पण एक गोष्ट त्यांनी मरेपर्यंत केली नाही: कंपनीची तैनाती फौज घेतली नाही. त्यांच्यामागे गादी परसोजींना मिळाली. गादीवरचा माणूस राज्य करू शकत नसल्याने तो कोणाच्या ताब्यात राहावा यावर वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला रघुजींच्या राणी बकाबाई आणि दासीपुत्र धर्माजी. दुसऱ्या बाजूला पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांची सरशी झाली, धर्माजी कैदेत पडला आणि तिथेच मारला गेला. त्यानंतर २७ मे १८१६ ला, चुलत्याच्या मृत्यूला जेमतेम दोन महिने होत असताना, पुतण्याने कंपनीशी गुपचूप तैनाती फौजेचा करार केला. फौजेचा खर्च सालीना साडेसात लाख रुपये. चुलत्याने आयुष्यभर टाळलेली गोष्ट पुतण्याने वाड्यातला आपला पाय भक्कम करण्यासाठी देऊन टाकली.

चेटकिणी कोण होत्या हे सांगायला नकोच. मात्र नाटकातल्या चेटकिणी निदान वार्षिक खंडणी तरी मागत नाहीत.

आता मे १८१६ नंतरची स्थिती पाहा. राज्याचा कारभार आप्पासाहेबांच्या हाती होता. फौज त्यांची होती आणि कंपनीची पाठराखण होती. विरोधी तट मोडला होता. परसोजींना मूलबाळ नव्हते, त्यामुळे वारसही तेच. प्रकृती अशी की आज ना उद्या ते जाणारच. जे मिळवायचे ते सगळे मिळाले होते, फक्त 'राजा' हे नाव मिळायचे होते, आणि तेही वाटेत होते. माणूस इतका जवळ पोहोचला असताना जे करतो त्यावरून त्याच्या महत्त्वाकांक्षेची जात कळते, असे आम्हाला वाटते. मोठे व्हावेसे वाटणे हा दोष धरला तर जगात कोणी निर्दोष उरणार नाही. सावंगीच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून रात्र रात्र जागणारी पोरे काय, ग्रामपंचायतीत निवडून यावे म्हणून वर्षभर लग्नांत आणि मयतीला न चुकता जाणारे उमेदवार काय, सगळ्यांना काहीतरी व्हायचे आहे, आणि त्यात वाईट काही नाही. घात होतो तो एक पाऊल उरले असताना, जेव्हा धीर संपतो आणि 'थांब' म्हणणारा कोणी जवळ नसतो.

मराठीने 'महत्त्वाकांक्षा' या शब्दाला जोडलेले विशेषणही पाहण्यासारखे आहे. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या नाटकाचे नावच 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' असे ठेवले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने ते रंगभूमीवर आणले, आणि पुढे ही जोडी वर्तमानपत्रांच्या भाषेत इतकी रुळली की नाटक विसरले गेले तरी शब्द राहिले. 'मॅकबेथ' त्याआधीच, १८९८ मध्ये, शिवराम महादेव परांजप्यांनी 'मानाजीराव' नावाने मराठीत आणले होते. १९५४ मध्ये त्याच नाटकावरचे शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आले. त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होते. याच दुर्गाबाईंनी खाडिलकरांच्या १९०९ च्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाईही रंगवली. एकाच नटीने लेडी मॅकबेथ आणि आनंदीबाई करावी यात मराठी प्रेक्षकाच्या मनातली एक जुनी जोडणी उघड होते.

तेव्हा पुण्याची गोष्टही इथे सांगितली पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला कापून काढले. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पुतण्या जीव वाचवायला धावला तो त्यांच्याचकडे. हुकमातल्या 'धरावे'चे 'मारावे' त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले ही आख्यायिका महाराष्ट्रात प्रत्येकाला पाठ आहे. इतिहासात मात्र ती वादाचीच राहिली आहे. आमची शंका वेगळी आहे. गादी नवऱ्याला हवी होती, कारस्थान नवऱ्याच्या गोटात शिजले, आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हण झाली ती बायकोच्या नावाने. स्कॉटलंड असो की शनिवारवाडा, एका अक्षराचा दोष बाईवर टाकला की बाकीचा कागद कोणी वाचत नाही. नागपूरच्या हकीकतीत तर घरातली वडीलधारी बाई, बकाबाई, आप्पासाहेबांच्या विरोधी तटात होती. तिथे लेडी मॅकबेथची गरज पडली नाही.

पुण्यात आणखी एक गोष्ट घडली जी नागपुरात घडली नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईच्या बाजूला जाऊन राहिले. आपण ही गोष्ट बाणेदारपणाचा धडा म्हणून मुलांना सांगतो. पण ती नीट पाहिली तर जरा अवघड आहे. शास्त्रीबुवांचा नकार खुनानंतरचा होता, त्याने नारायणराव परत आला नाही, आणि रघुनाथरावांनी प्रायश्चित्त काही घेतले नाही. तरीही त्या नकाराने एक काम केले. गादीवर बसलेला माणूस खुनी आहे हे दरबारातच, अधिकाराच्या जागेवरून, उच्चारले गेले. त्यानंतर दरबारातल्या कारभाऱ्यांचा गट, बारभाई, उभा राहिला, नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या मुलाला त्यांनी पेशवा केले आणि रामशास्त्रींना परत बोलावले. बारभाई काही संत नव्हते. नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्या स्वतःच्या महत्त्वाकांक्षा होत्याच. पण एकाच्या हावेला दुसऱ्या दहाजणांनी अडसर घातला, आणि पेशवाई पुढे पंचेचाळीस वर्षे टिकली. रघुनाथरावांनी ७ मार्च १७७५ च्या सुमारास सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. म्हणजे पुण्यातही गादीची हाव शेवटी इंग्रजांच्या दाराशी जाऊन उभी राहिलीच. फक्त तिथे पोहोचण्याआधी तिला वाटेत बरेच लोक आडवे आले.

नागपूरकरांना भाऊबंदकी नवीन नव्हती. जानोजी भोसले १७७२ मध्ये निपुत्रिक वारल्यावर त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी यांच्यात गादीवरून युद्ध पेटले. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या लढाईत मुधोजी कोंडीत सापडले. जिंकल्याच्या भरात साबाजींनी आपला हत्ती थेट त्यांच्यासमोर आणला आणि शरण यायला सांगितले. मुधोजींनी पिस्तूल झाडले. साबाजी जागीच गेले आणि हरलेली लढाई जिंकली गेली. मुधोजींच्याच मुलाला, म्हणजे या दुसऱ्या रघुजींना, जानोजींचा दत्तक म्हणून गादी मिळाली. आप्पासाहेब हे त्याच मुधोजींचे नातू. भावाच्या रक्तावर उभे राहिलेले घर त्यांनी लहानपणापासून पाहिले होते, आणि ते घर चांगले चालतही होते. असे उदाहरण घरातच असले की धडा मिळतो तो बहुधा उलटाच.

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी गेले आणि तिथून पुढे आप्पासाहेबांचे वागणे मॅकबेथच्या उत्तरार्धासारखे होत जाते. ज्या कंपनीच्या बळावर ते वर चढले तीच आता त्यांना गळफास वाटू लागली. करार घडवून आणणारी माणसे त्यांनी बाजूला केली. पुण्याला दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी संधान बांधले. हा बाजीराव रघुनाथरावांचाच मुलगा, हे विसरू नये. २४ नोव्हेंबरला, पुण्यात कंपनीशी युद्ध सुरू झालेले असताना, त्याच बाजीरावाकडून आलेली मानाची वस्त्रे आप्पासाहेबांनी भर दरबारात स्वीकारली. २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर तोफा सुरू झाल्या आणि २७ च्या दुपारपर्यंत चालल्या. टेकडीवर कंपनीचे हजार-दीड हजार शिपाई, खाली त्यांच्या अनेक पट भोसल्यांची फौज. टेकडी पडली नाही. डिसेंबरात नागपूरच हातचे गेले. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली.

विदर्भात त्यांची आठवण दोन प्रकारे आहे आणि दोन्हींना आधार आहे. सीताबर्डीला इंग्रजांवर तोफा डागणारा राजा म्हणून लोक त्यांचे नाव घेतात. अलाहाबादला नेत असताना १३ मे १८१८ च्या रात्री जबलपूरजवळून ते शिपायाचा वेश घेऊन निसटले, महादेवाच्या डोंगरात गेले आणि तिथल्या गोंडांनी त्यांना आसरा दिला. भाडोत्री भक्ती म्हणून हे उडवून लावता येणार नाही. कैदेतून पळालेल्या माणसाकडे वाटायला काहीच नव्हते. पण हाच माणूस सीताबर्डीच्या दीड वर्ष आधी त्याच इंग्रजांना साडेसात लाख देऊन घरात घेऊन आला होता. लढाई खरी होती, पण ती हरण्याची तयारी त्यांनी स्वतःच १८१६ मध्ये करून ठेवली होती. फौज कंपनीची, बातम्या कंपनीकडे आधी, आणि वाड्यातली निम्मी माणसे सूड घ्यायची वाट पाहत बसलेली. परसोजींना नैसर्गिक मरण येऊ दिले असते तर ते वाचले असते असा दावा आम्ही करणार नाही. त्या काळात कंपनीपुढे कोणतेच मराठी राज्य स्वतंत्र राहिले नाही. मात्र ज्या दिवशी लोकांना राजाच्या मागे उभे करायचे होते त्या दिवशी राजाच्या हातांविषयी कुजबुज चालू होती, एवढे खरे.

नाटकात प्रजेचे हाल दोन-तीन जणांच्या तोंडून ऐकू येतात आणि मग तलवारींचा खणखणाट सुरू होतो. इथे मात्र ते हाल जमिनीवर दिसतात. त्या वर्षांत पेंढाऱ्यांच्या टोळ्या या मुलखातून धाड घालत फिरत होत्या. गादीवर कोण बसणार यात नागपूर गुंतलेले होते, तेव्हा गावे सांभाळणार कोण? गावांनी आपापली सोय केली. वर्धा जिल्ह्यातल्या मोठ्या गावांतून मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या, धाड आली की माणसे आणि गुरे आत घेण्यापुरत्या. महत्त्वाकांक्षेचे परिणाम मोजायचे असतील तर वाड्यातली प्रेते मोजून भागत नाही, या भिंती किती फूट जाड आहेत तेही पाहावे लागते.

आप्पासाहेब असीरगड, मग पंजाब, मग राजपुताना असे फिरत राहिले आणि १८४० मध्ये जोधपूरला आश्रित म्हणून वारले. त्यांच्या जागी नागपूरच्या गादीवर एक अल्पवयीन मुलगा बसवला गेला, तिसरा रघुजी. कारभार जेंकिन्सच्या हाती गेला आणि बकाबाई वाड्यात परत वडीलधाऱ्या झाल्या. डिसेंबर १८५३ मध्ये हा रघुजीही निपुत्रिक गेला. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. आठ वर्षांनी वर्धा जिल्हा झाला.

गढ्या अजून आहेत. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या खचलेल्या, वर बाभळी आणि निंब उगवलेले, एका अंगाने खणून नेलेल्या, कारण ही जुनी पांढरी माती घर सारवायला आणि छपरावर टाकायला चांगली. कोणी बांधली असे विचारले तर म्हातारी माणसे 'भोसल्याच्या राज्यातली आहे' म्हणतात. कोणत्या भोसल्याच्या, हे विचारले तर हसतात.